नुसती पाठ टेकली

"दार बारा वाजता उघडणार आहे. नऊ वाजता तिथे जाऊन काय बिजागऱ्या मोजायच्यात?" बायकोने विचारले.

"वाटेत काही झालं तर?" पलंगाच्या कडेला बसून मोजे चढवत शिट्टीसाहेब म्हणाले.

"काय होणारे वाटेत? आणि मोजे उलटे घातलेत."

"बुटात कोण बघायला येतंय?"

शिट्टीसाहेब हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. बस आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. त्यांची शिट्टी वाजली की बस सुटायची. मग चालकाच्या हातात चहाचा पेला असो की वाहकाच्या तोंडात घास. निवृत्त झाले तेव्हा आगाराने ती शिट्टीच त्यांना भेट देऊन टाकली, बहुधा ती तिथे परत वाजू नये म्हणून. ती अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची.

वेळेवर पोचणे हा त्यांच्या मते आळशीपणाचाच एक सभ्य प्रकार होता. शहाणा माणूस आधी पोचतो. कोणाच्या लग्नाला गेले तर सभागृहात अजून झाडू फिरत असायचा, आणि एकदा तर तो झाडू बायकोच्याच हातात आला. सिनेमाला गेले तर आधीचा खेळ सुटायच्या आत हे दाराशी. त्यामुळे खुनी कोण हे तिला खून व्हायच्या आधीच कळलेले असायचे. तीस वर्षे तिने हे सोसले. मग लेकीने आणि जावयाने मिळून दोघांना समुद्रसफरीची तिकिटे काढून दिली, तेव्हा मात्र तिने एक अट घातली.

"मला एकदा, फक्त एकदा, दार उघडल्यावर आत जायचंय. तुमचा हात धरून. कोणीतरी 'या' म्हणेल, मग मी पाऊल टाकीन. या वेळी तुम्ही माझ्याआधी आत घुसलात ना, तर मी तिथूनच टॅक्सी करून घरी. तुम्ही जा एकटे समुद्र बघायला."

"शब्द दिला," शिट्टीसाहेब म्हणाले. आधी पोचणे आणि शब्द पाळणे, दोन्हींत त्यांचे नाव होते. पंचाईत एवढीच झाली की दोन्ही एकाच दिवशी समोरासमोर आले.

बरीच घासाघीस होऊन ते दहाला बंदरावर पोचले. प्रवाशांच्या शेडमध्ये चिटपाखरू नव्हते. बायको काचेच्या बंद दारासमोरच्या पहिल्या बाकावर बसली आणि तिने पिशवीतून विणकाम काढले. शिट्टीसाहेबांनी तेवढ्यात तीनदा घड्याळ पाहिले.

"जरा पाय मोकळे करून येतो."

"करा. पण धक्क्यावरच."

धक्क्याला लागलेले जहाज म्हणजे एक अख्खी वसाहतच होती. आगारातली प्रत्येक बस शिट्टीसाहेबांनी रिकामी पाहिलेली होती. कुठल्या बाकाखाली धूळ साठते, कुठली खिडकी अडते, सगळे त्यांना पाठ. पण जुने प्रवासी उतरले आहेत आणि नवे अजून चढले नाहीत, अशा वेळी एवढ्या मोठ्या जहाजाच्या पोटात काय चालत असेल? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि मग काही केल्या निघेना. बघत बघत ते शेडच्या मागच्या अंगाला आले. तिथे जहाजाचे एक बाजूचे दार सताड उघडे होते आणि त्यातून भाज्यांची खोकी, चादरींचे गठ्ठे, काय काय आत चालले होते.

"ओ काका, नुसते बघत काय उभे? धरा की हे टोक!"

एक बाई तिच्याएवढ्याच उंच झाडाची कुंडी हातगाडीवरून ढकलत घामाघूम झाली होती. दर सफरीला जहाजावरच्या कुंड्या बदलायचे काम तिच्याकडे होते आणि तिचा माणूस नेमका आजच आला नव्हता. कोणी 'धरा' म्हटल्यावर न धरणे शिट्टीसाहेबांच्या रक्तात नव्हते. कपडे मळतील म्हणून तिने त्यांच्या गळ्यात एक हिरवा एप्रन अडकवला. दारावरचा पहारेकरी हिरवा एप्रन दिसताच बाजूला झाला. मदत करणे म्हणजे काही आत घुसणे नव्हे, असे शिट्टीसाहेबांनी स्वतःला बजावले आणि उंबरा ओलांडला.

कुंडी जिन्यापाशी ठेवून झाल्यावर ती म्हणाली, "इथेच थांबा, दुसरी गाडी घेऊन आले."

ते थांबले, दुधापाशी मांजर थांबते तेवढेच. आपल्या खोलीचा क्रमांक त्यांना तिकिटे आली त्या दिवसापासून पाठ होता. नुसते बाहेरून बघू, म्हणून ते गेले, तर साफसफाईसाठी दार उघडेच. आत कोणी नाही. गोल खिडकीत समुद्र. त्यांनी कपाट उघडले, मिटले. नळ सोडून पाहिला. बाथरूमचा दिवा लावून पाहिला. मग पलंगाची कुठली बाजू जास्त मऊ आहे हे बघावे, म्हणजे ती बायकोला देता येईल, असा एक चांगला विचार त्यांच्या मनात आला. माणूस सभ्य, एप्रन खुंटीला लावला, बूट काढून कडेला ठेवले, आणि मगच त्यांनी पाठ टेकली.

आता या पाठ टेकण्यावरून त्यांच्या घरात एक जुना खटला चालू होता. दुपारी जेवल्यावर ते पाठ टेकत. बायको म्हणे, दोन तास झोपलात आणि घर हादरवलंत. ते म्हणत, झोपलो नव्हतो, नुसती पाठ टेकली होती. "आणि मी घोरत असतो, तर मला ऐकू आलं नसतं का?" या मुद्द्यावर खटला नेहमीच तहकूब व्हायचा.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा पलंगावरचे ऊन भिंतीवर गेले होते. ऊन आज जरा घाईतच दिसत होते. बूट चढवून, एप्रन घालून ते बाहेर पडले आणि जिना शोधत जरा भटकले, तोच भिंतीतला कर्णा खरखरला आणि त्यातून कुणा अधिकाऱ्याचा आवाज आला.

"लक्ष द्या. आधीच्या सफरीचे एक प्रवासी अजून जहाजावरच आहेत. ते सापडेपर्यंत सगळी दारं बंद राहतील. कोणी आत येणार नाही, कोणी बाहेर जाणार नाही."

शिट्टीसाहेब धावत बाजूच्या दाराशी गेले. दाराला भलामोठा अडसर लागला होता.

"मला सोडा हो, माझी बायको बाहेर आहे."

"आम्हां सगळ्यांच्याच बायका बाहेर आहेत, काका," पहारेकरी म्हणाला. "तो म्हातारा सापडल्याशिवाय माशीसुद्धा बाहेर सोडणार नाही. फुकटात दुसरी सफर करायला राहिला असणार लपून."

शिट्टीसाहेबांचे टाळके सरकले. कुठला कोण बेजबाबदार माणूस, आणि त्याच्या पायी आपला संसार धोक्यात! बायकोला कळायच्या आत बाहेर पडायचे तर आता एकच मार्ग होता. त्या माणसाला शोधून काढायचे.

खोल्यांची प्रमुख बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, जिन्यापाशी सगळ्या नोकरांना जमवून उभी होती. तिच्याशेजारी एक सफाईवाली मुलगी बावरून गेली होती.

"वर्णन काय त्याचं?" शिट्टीसाहेबांनी पुढे होत विचारले.

"म्हातारा होता," मुलगी म्हणाली.

"म्हणजे कितपत?"

"खूपच. आणि टकला. पोट हे एवढं. पलंगावर झोपून घोरत होता, बाप रे, मला वाटलं पंपच चालू राहिला कुठला. मी बाईंना बोलवायला गेले, येऊन बघते तर गायब!"

शिट्टीसाहेबांनी डोक्यावरून हात फिरवला. कानांच्या वर त्यांना चांगले भरघोस केस होते.

"आणखी काही खूण?"

"मोजे उलटे घातले होते."

"अरेरे!" शिट्टीसाहेब हळहळले. "एवढं वय होऊन माणसाला साधे मोजे घालता येऊ नयेत!"

प्रमुख बाईने हे सगळे वर्णन कर्ण्यावर जसेच्या तसे सांगितले. ते जहाजभर ऐकू गेले, आणि बाहेर धक्क्यावर ताटकळणाऱ्या रांगेलाही. मग ती शिट्टीसाहेबांकडे वळली. "तुम्ही झाडवाले ना?"

"तूर्तास झाडवालाच. पण जन्म आगारात गेला माझा. हरवलेला प्रवासी एक तर चहापाशी सापडतो, नाहीतर संडासात. आणि तिथेही नसला, तर खुशाल चुकीच्या गाडीत बसलेला असतो."

"इथे कुठली आलीय चुकीची गाडी?"

"होड्या आहेत ना वर, जीव वाचवायच्या? त्यांची ताडपत्री काढा."

असा ठाम बोलणारा माणूस समोर आला की लोक त्याचे ऐकतात, एप्रन कुठल्याही रंगाचा असो. निम्मे नोकर मुदपाकखान्यात गेले, निम्मे संडासांची दारे ठोठावू लागले, आणि शिट्टीसाहेब उरलेल्यांना घेऊन वरच्या डेकवर आले. तिथे गोंधळ उडालेला पाहून त्यांचा हात सवयीने खिशात गेला. दोन लांब, एक आखूड. आगार दणाणून सोडणारी ती शिट्टी समुद्रावर फारच छान वाजली.

कठड्यावरून त्यांनी खाली पाहिले. रांग शेडबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. लोक तिकिटांनी वारा घेत होते, पोरे रडत होती. आणि रांगेच्या तोंडाशी एक बाई मान वर करून थेट डेककडे बघत होती. शिट्टीसाहेब चटकन होडीमागे दडले. पुन्हा डोकावले तेव्हा ती विणकाम गुंडाळून उठली होती. चहा घ्यायला निघाली असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

होड्यांमध्ये कोणी निघाले नाही. "चला, पुन्हा त्या खोलीपासूनच सुरुवात करू," म्हणत प्रमुख बाई सगळ्यांना घेऊन खाली निघाली. ती ज्या दाराशी थांबली त्यावरचा क्रमांक वाचून शिट्टीसाहेब जागीच खिळले.

"इथे? या खोलीत?"

"याच. उशीवरचा खळगा तसाच ठेवलाय. पुरावा आहे तो."

शिट्टीसाहेबांचा नुसता संताप झाला. आपण पाठ टेकून उठलो काय, आणि मागून हा भामटा येऊन आपल्याच उशीवर ढाराढूर झोपला काय! ते वाकले आणि त्यांनी तो खळगा सगळ्या बाजूंनी न्याहाळला.

"डोक्याचा आकार जरा विचित्रच आहे," ते म्हणाले. "हा माणूस हजारांत ओळखू येईल."

तेवढ्यात कर्णा पुन्हा खरखरला. या वेळी तो धक्क्यावरच्या कचेरीतून बोलत होता, आणि आवाज अधिकाऱ्याचा नव्हता.

"अहो!"

नुसते एवढेच. त्या रिकाम्या जहाजाच्या सगळ्या मजल्यांवरून ते 'अहो' फिरून आले. पुढे काय येणार हे शिट्टीसाहेबांना कळले नाही, पण ते आपल्यासाठीच आहे हे कळले.

"अहो, ते तुम्हीच आहात. मोजे बघा स्वतःचे. आणि बाहेर या."

सफाईवाली मुलगी आधी त्यांच्या डोक्याकडे बघू लागली आणि मग बुटांकडे.

"काका," प्रमुख बाई म्हणाली, "बूट काढा."

शिट्टीसाहेबांनी एक बूट काढला. दुसरा काढायची गरज पडली नाही.

"पण मी झोपलो नव्हतो हो," ते क्षीण आवाजात म्हणाले, "नुसती पाठ टेकली होती."

त्यांना बाजूच्या दाराने बाहेर आणले गेले. अधिकारी फार बोलला नाही. त्यांच्यामुळे जहाज सुटायला उशीर होणार एवढेच म्हणाला, आणि तेच त्यांना सगळ्यात लागले. जन्मात त्यांनी कधी एक बस उशिरा सुटू दिली नव्हती. शिक्षा म्हणून त्यांना रांगेच्या शेवटी उभे राहायला सांगण्यात आले. एवढी लांबलचक रांग मान खाली घालून ओलांडताना त्यांनी बायकोकडे पाहिलेही नाही. शेवटच्या माणसामागे उभे राहून ते रस्त्यावरच्या टॅक्सी तेवढ्या बघत राहिले. त्यांतली कुठली तिला घरी नेणार हे त्यांना बघवत नव्हते, आणि नजरही काढवत नव्हती.

मागून बॅगेच्या चाकांचा आवाज आला.

"अगं, तू कशाला आलीस? तुझा तर पहिला नंबर होता."

"ज्याचा हात धरायचा तो इथे मागे उभा. पुढे जाऊन मी कोणाचा धरू?"

"शब्द मोडला मी."

"मोडलात," ती म्हणाली. ती हसली नाही. "शिट्टी आणा इकडे."

त्यांनी निमूटपणे दिली. तिने ती पर्समध्ये टाकली आणि पर्स बंद केली.

रांग सरकायला बराच वेळ लागला. ती दोघे दाराशी पोचली तेव्हा मागे कोणीच उरले नव्हते. दारातला माणूस दमून गेला होता, पण त्यांना बघताच त्याचा चेहरा उजळला.

"या, या! तुमचीच वाट बघत होतो."

बायकोने उचललेले पाऊल तसेच राहिले.

"ऐकलंत? आपली वाट बघत होते म्हणे."

उभ्या जन्मात दोघांनी बंद दारांची वाट पाहिली होती. दाराने त्यांची वाट पाहण्याची ही पहिलीच वेळ. तिने नवऱ्याचा हात धरला आणि ती आत गेली, कोणी वाट बघत असलेली माणसे जातात तशी, अगदी सावकाश.

खोलीचे दार उघडताच शिट्टीसाहेब जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "वा! छान आहे की खोली!"

"बाथरूमचा दिवा कुठून लागतो हो?"

"बाहेरून, उजव्या हाताला," असे म्हणून त्यांनी जीभ चावली.

पलंगावर दोन उशा होत्या. एक फुगलेली, आणि दुसरीवर भलामोठा खळगा. सगळ्या गडबडीत पुरावा उचलायचे कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. बायकोने तो खळगा पाहिला, नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिले आणि फुगलेल्या उशीवर डोके ठेवले.

जहाजाचा भोंगा वाजला. शिट्टीसाहेबांनी घड्याळ पाहिले, खिसा चाचपला, आणि मग त्यांना आठवले.

"अगं, जेवणघर उघडायच्या आत जाऊन उभं राहिलं ना, तर खिडकीपाशी... अगं? झोपलीस?"

"छे हो," ती डोळे न उघडता पुटपुटली. "नुसती पाठ टेकलीय."

थोड्याच वेळात ती चांगली घोरू लागली. शिट्टीसाहेबांनी मोजे काढले, सुलटे केले, आणि ती उठायची वाट बघत बसून राहिले.