कॉर्व्हिन बिल्डिंगची कसून तपासणी

दहावा मजला

शिकागोतली दहामजली कॉर्व्हिन बिल्डिंग पाडून तिथे चाळीस मजले चढवायचे, असं मालकांनी ठरवलं. तळमजल्यावर ओटिलीबाई ब्रँडवोल्ड यांचं टोप्यांचं दुकान होतं. ते वाचावं म्हणून बाईंनी नगरपालिकेला कळवलं, की ही जगातली पहिली गगनचुंबी इमारत आहे. नियम स्पष्ट होता. पहिली असेल, तर हात लावायचा नाही. ती पहिली आहे का, हे ठरवायला समिती नेमण्यात आली.

पहिली म्हणजे काय? भार भिंतींवर नव्हे, लोखंडी सांगाड्यावर हवा. सांगाडा भिंतींच्या पोटात. सबब, वरून सुरुवात करून या मजल्याच्या भिंती उतरवण्यात आल्या. उघडा सांगाडा धोक्याचा, म्हणून मग तोही.

नववा

लोखंड निघालं. बाईंनी खुशीने डोनट पाठवले. दारूबंदीच्या काळात समितीला तेवढ्यावरच भागवावं लागे. अध्यक्ष प्रोफेसर पेल्टन यांनी दुसरा डोनट संपवून शंका काढली, की वर लोखंड आहे म्हणून खालीही असेल कशावरून? न्यूयॉर्कवाले हसतील. एवढं म्हटल्यावर शिकागोत कुणी वाद घालत नाही.

आठवा, सातवा, सहावा

लोखंड. लोखंड. लोखंड. दर मजल्यागणिक इमारत जपण्याचा ठराव अधिक कडक होत गेला. इतकी वर्षं तिच्याकडे मान वर करून न पाहणारे आम्ही शिकागोकर सँडविच घेऊन समोरच्या फुटपाथवर बसू लागलो.

पाचवा

हे लिहीपर्यंत गेला. पाठोपाठ चौथा आणि तिसराही.

दुसरा

ओटिलीबाई जिना चढून आल्या.

"प्रोफेसर, सापडलं ना लोखंड? मग थांबा की आता."

"बाई, सगळं तुमच्याच बाजूने चाललंय. फक्त पाया बघायचा राहिलाय."

"पायावर माझं दुकान आहे."

"म्हणून तर तुमचा अर्ज आम्ही इतका मनावर घेतला."

तळमजला

इमारत पहिली ठरली. तिला यापुढे कुणीही हात लावू नये, असा हुकूम खड्ड्याच्या काठावर वाचून दाखवण्यात आला. टाळ्या झाल्या. ओटिलीबाई टोप्यांची खोकी हातगाडीवर रचत होत्या. आम्ही हळहळून म्हणालो, फार देखणी होती हो तुमची बिल्डिंग.

"मग इतके दिवस इथे बसून करत काय होता?" बाईंनी विचारलं.

आम्ही सँडविचचे कागद गोळा करू लागलो. आणि वाचकहो, तुम्ही काय हसताय? दहाव्यापासून इथपर्यंत मजेत उतरलात की आमच्याबरोबर.