कदमकाकांचं दुसरं दार

कदमकाका बाहेर जाताना कुलूप लावून तीनदा ओढतात. मग जिना उतरतात, परत चढतात आणि चौथ्यांदा ओढतात. मागे एकदा कुलूप शाबूत राहिलं आणि कोयंडा हातात आला. "कोयंड्याची चौकशी झाली पाहिजे," काका म्हणाले. घरात असले तरी आतून दोन कड्या. जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस.

नारायण पेठेत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते आणि एका ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळते. म्हणून काकांच्या सर्व्हरची डॉक्टर मीच. सर्व्हर म्हणजे बुधवार पेठेतून आणलेला जुना कॉम्प्युटर. त्यावर शेतीचा गेम चालतो. दुपारी चारला गावोगावची अनोळखी माणसं घरबसल्या त्यात शिरतात, काकांच्या रानात कांदा लावतात आणि बोलणी खातात. "फाटक उघडं टाकलंत? घरीही असंच करता?"

रविवारी सकाळीच काका वर आले. "मॅडम, घुसखोरी!" एरवी मी वर्षा, काम निघालं की मॅडम. सर्व्हरमध्ये शिरायला पोर्ट लागतं, म्हणजे दारच. "मी एकच उघडलं होतं," काका म्हणाले. "शेजारचं दुसरं कोणी उघडलं?"

"हात लावू नका. लग्नाला जाऊन येते, मग बघते."

हात लावलाच. संध्याकाळी मी गेले तर दुसरं दार बंद. चारपासून एकही माणूस फिरकला नव्हता. काकांनी एकट्यानेच सगळ्यांच्या कांद्याला पाणी दिलं होतं.

"वर्षा, काल त्या नागपूरच्या बाईंना मी जास्त बोललो का गं?"

"त्यांनी फाटक उघडं टाकलं आणि म्हशी सुटल्या म्हणून?"

"म्हशी काय, पडद्यावरच्याच."

हे काका म्हणाले! मी कीबोर्ड ओढला आणि ते दार कोण वापरतंय ते पाहिलं.

"काका, चोर घरातलाच. गेमच वापरतोय."

"कशाला?"

"बाहेरून कोणी विचारलं, 'आहे का कोणी?' तर 'आहे, या' म्हणायला. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत. लोकांना गेम उघडल्यावर जी यादी दिसते, तिच्यातून तुमचं रानच गायब झालं."

मी ते दुसरं दार पुन्हा उघडलं. दहा मिनिटांत पडद्यावर फाटकातून ट्रॅक्टर आला आणि स्पीकरवर नागपूरच्या बाई. "काका, होतात कुठे? चारपासून शोधतोय सगळे!"

"चौकशी चालू होती," काका गुरकावले.

मी निघाले. जिना चढले तरी मागे कडी वाजेना. वाकून पाहिलं, तर दार सताड उघडं आणि आतून काकांचा आवाज, "अहो बाई, फाटक राहू द्या तसंच! अजून माणसं यायचीत."