आजोबा मेलेले असतात

"आजोबा मेलेले असतात," असं गोऱ्या प्रेस्कॉटनं रॅपमध्ये म्हटलं आणि अमेरिकेतल्या दक्षिण मेम्फिसच्या त्या काळ्या लोकांच्या वस्तीत दोन दिवस दुसरा विषय उरला नाही.

प्रेस्कॉट शहराबाहेरच्या, टेनिस कोर्टवाल्या घरातला. आजोबा खरोखरच वारले होते, दुःखही खरं होतं. पण रॅप म्हटलं की वस्तीची बोली हवी, म्हणून त्या बोलीतलं ‘असतो’ त्यानं मिठासारखं सगळीकडे भुरभुरलं. वस्तीतलं शेंबडं पोरही जाणतं, ‘आहे’ म्हणजे आत्ता, ‘असतो’ म्हणजे नेहमीचं. शाळेच्या पुस्तकी इंग्रजीत मात्र हा भेद नाही.

"काय लव्हेल, आजोबा आज कसे?" न्हावी दुकानातूनच विचारी.

"सकाळी उठले होते," खुर्चीतलं गिऱ्हाईक परस्पर सांगे. "फक्त शनिवार-रविवार मरतात."

लव्हेलला हसू येईना. रेकॉर्डिंग त्याच्याच स्टुडिओतलं. शिवाय बागेतल्या शनिवारच्या कार्यक्रमात ‘पोरगा बरा आहे, मी जामीन’ असं सांगून प्रेस्कॉटचं नाव त्यानंच घातलं होतं. तिथे हुर्यो झाली तर वस्तीतला एकही गाणारा पुन्हा त्याचं दार वाजवणार नव्हता.

तो टॉलिव्हरबाईंकडे गेला. बाईंनी वस्तीच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं आणि त्यातली निम्मी वह्यांतलं हे ‘असतो’ लाल शाईनं खोडण्यात घालवली होती.

"मी तण उपटत आले, लव्हेल. आता तेच त्या पोराच्या तोंडात पेरू म्हणतोस?"

"उपटायला आधी ओळखावं लागतं, बाई. तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

स्तुती बाईंनाही पचत असे. स्वयंपाकघरात कॉर्नब्रेडच्या ताटलीसमोर शिकवणी सुरू झाली. बाई नियम लिहायला बसल्या, तर सतरा निघाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"मरण किती वेळा येतं?"

"एकदा, बाई."

"मग आजोबांना एकदाच मरू दे!"

पोरगा हुशार. चौथ्या दिवशी एकही चूक नाही. "शाब्बास," बाई म्हणाल्या. तेव्हा त्यानं सहज विचारलं, "लव्हेल हे शाळेत असंच बरोबर लिहायचा ना? त्याला किती मार्क द्यायचात?"

लव्हेलनं कॉर्नब्रेडचा मोठा घास घेतला.

"नापास केलं," बाई म्हणाल्या. "नववीत. दोनदा."

त्या दिवशी शिकवणी तिथेच संपली.

शनिवारी बाग भरली. प्रेस्कॉटनं पहिलं कडवं म्हटलं. आजोबा एकदाच मेले. पण मागून आवाज आलाच, "तुझे आजोबा आमच्या कुठल्या गल्लीत राहायचे रे?" हशा फुटणार, तेवढ्यात टॉलिव्हरबाई उभ्या राहिल्या. अर्धी बाग त्यांच्या हाताखालून गेलेली. पन्नाशीचे बाप्येसुद्धा सवयीनं ताठ बसले.

"पोराचं व्याकरण बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुमचंही होतं. चुकले मी. या शब्दावरून कोणाकोणाला नापास केलं होतं?"

एक हात वर झाला. मग सात. मग मोजण्यात अर्थ उरला नाही.

"मग मार्क वाढवून द्या, बाई!" न्हावी ओरडला.

"रांग लावा. आणि तोंडातलं च्युइंगम आधी थुंका."

रांग मांस भाजायच्या शेगड्यांना वळसा घालून पार फाटकापर्यंत गेली. प्रेस्कॉट दुसऱ्या कडव्यासाठी तोंड उघडून तसाच उभा. त्याची हुर्यो कुणी केली नाही, कारण ऐकायलाच कुणी उरलं नव्हतं. लव्हेलचा शब्द राहिला.

बाईंनी प्रेस्कॉटला खाली बोलावून हातात वही दिली. "नावं उतरून घे. मनानं लिहू नकोस. ज्याचं नाव, त्याला विचार."

रांगेत पहिला लव्हेलच होता. प्रेस्कॉटचं पेन अडलं.

"लव्हेल, तुझ्या नावाच्या शेवटी एल एक की दोन?"

"दोन," लव्हेल म्हणाला. "तीन वर्षं येतोयस. स्टुडिओच्या दारावर पाटी आहे."