हिरव्या फरशीची मोहीम

श्रीगजाननास वंदन करून, आणि वीजमंडळाने लिहिणे पुरे होईतो दिवे शाबूत ठेवावे ऐसी प्रार्थना करून, जैसे घडले तैसे, पदरचे अगदी थोडे घालून, लिहिले जाते ऐसे जे : शके एकोणीसशे आठ, क्षय नाम संवत्सरे, वैशाख मासी, नागपूर मुक्कामी, लकडगंजामागील गल्लीत राजश्री मनोहरराव, सरकारी कचेरीचे हेडक्लार्क, कुटुंबकबिल्यासह नांदत होते. त्यांच्या पत्नी यमुताई, ज्यांस आठ वर्षे दम्याचा आजार. ज्येष्ठ कन्या मनकर्णा, जिचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पौर्णिमेस ठरलेले. आणि कनिष्ठ कन्या श्रीमंत गोपिकाबाई, नुकत्याच नववी पास, शाळेच्या वक्तृत्वात दुसरा नंबर, पहिला मिळावयास हवा होता परंतु परीक्षकांची अक्कल तेवढीच.

त्या घराच्या दिवाणखान्यात मूळ मालकाने वीस वर्षांमागे हौसेने विलायती तऱ्हेची पातळ हिरवी फरशी, वीतवीतभर चौकोनी तुकड्यांची, डांबरासारख्या काळ्या चिकाने चिकटविली होती. आणि खिडकीत कूलर, आणि कूलर दर उन्हाळ्यास गळणार हा नागपूरचा कायदाच, मग पाणी झिरपून तुकडे उखडले, आणि त्यांचा भुगा यमुताई रोज सकाळी झाडीत आणि खोकत.

तेव्हा मनोहररावांनी मसलत केली की, वर्ध्याहून व्याही येणार, सबब ही दळभद्री फरशी समूळ फोडून शहाबादी घालावी. हुकूम सुटला, आणि नत्थू मिस्त्री, छिन्नी-हातोड्याचा तीस वर्षांचा सरदार, मोहिमेवर नामजाद जाहला.

इकडे गोपिकाबाईंनी वाचनालयातील एका विज्ञान मासिकात वाचले होते की, ऐसबेस्टस नावाचा जो तंतू सिमेंटच्या पत्र्यांत असतो तोच जुन्या तऱ्हेच्या काही फरश्यांतही असतो, आणि पडून आहे तोवर निजलेला, परंतु फोडला असता डोळ्यांस न दिसणारी धूळ होऊन छातीत जो शिरतो तो निघतच नाही. ते पान त्यांनी दोनदा वाचले. कारण आईच्या छातीत आधीच जागा कमी.

त्यांनी भर जेवणात अर्ज गुदरला. मनोहररावांनी भाताचा घास तसाच धरून तो फेटाळला.

“पत्रे डोक्यावर असतेत वं, पायाखाली नाई! आमच्या कचेरीवर पत्रेच पत्रे हायेत. कोनी मेलं काय?”

“मेलं तं तुमाले कसं समजन, बाबा? तुमच्या कचेरीत तं जिते बी हालत नाईत!”

मनकर्णेस ठसका लागला, हसण्याचा. अर्ज मात्र बुडाला. फरशीत ते आहेच ऐसा पुरावा काय, म्हणून विचारणा जाहली, आणि पुरावा गोपिकाबाईंपाशी नव्हता. एक ‘कदाचित’ तेवढा होता. कदाचिताच्या बळावर युद्ध करणे किती कठीण, हे ज्याने केले तोच जाणे.

सप्तमीस प्रातःकाळी तोंड लागले. नत्थू मिस्त्र्याने पहिला घाव घातला, तुकडा फुटला, करडा धुरळा उठला, आणि स्वयंपाकघरातून यमुताईंचा खोकला सुरू जाहला तो थांबेना. मग नत्थूने, तीस वर्षांच्या अनुभवाने, फर्मावले : “धूळ लय होऊन राह्यली साहेब, कूलर चालू करा, बाहीर निंगून जाईन.”

आणि कूलर तर बाहेरची हवा आत फेकतो! त्या एका हुकुमाने धुरळा दिवाणखान्यातून माजघरात, माजघरातून चुलीपर्यंत बिनहरकत दौडत गेला. गोपिकाबाईंनी हे पाहिले मात्र, झेप घालून खटका पाडिला आणि बटनांच्या फळीस पाठ लावून उभ्या ठाकल्या. बाहेर पारा पंचेचाळीसावर. आतील हवा क्षणात भट्टी जाहली.

“काहून बंद केला वं? चालू कर!”

“नाई करत.”

“गोपे!”

“आईचा खोकला आयका आंदी!”

ऐसे बोलून त्यांनी कूलरच्या टाकीतील पाणी बादलीने उपसून फुटक्या तुकड्यांवर ओतिले. धुरळा जागीच बसला. नत्थू मिस्त्री घोट्याएवढ्या चिखलात उभा राहून म्हणाला, “बाई, ओल्यात छिन्नी घसरते ना. आता मी काय मासे पकडू?”

मनोहररावांचा घाम कपाळावरून चष्म्यावर, चष्म्यावरून मिशीवर. ते गर्जले की व्याह्यांपुढे नाक कापले जाणार. गोपिकाबाईंची वक्तृत्वाची सारी वाक्ये ऐन प्रसंगी फितूर होऊन पळाली होती. मग ओला पदर तोंडाशी धरून यमुताई दारात आल्या, ज्यांनी लग्न जाहल्यापासून मसलतीत कधी तोंड घातले नव्हते, आणि दम खात खात म्हणाल्या :

“पाहुने एक दिवस येतीन जी. झाडू मलेच रोज माराचा हाय. फोडू नका.”

मनोहररावांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. पत्नीकडे पाहिले, आणि मग फार हळू विचारले, “नत्थू, न फोडता होईन काय गा?”

“वरूनच शहाबादी टाकतो ना. पन दोन इंच चढन. दरवाजा अडन.”

“अडू दे.”

हा तह जाहला. फुटके तुकडे ओले असतानाच बारदानाने टिपून जागच्या जागी बसविले, त्यांवर सिमेंट, आणि सिमेंटावर शहाबादी. चार दिवस कूलर बंद, गोपिकाबाईंच्या अंगावर घामोळ्यांच्या पलटणी उतरल्या, परंतु तक्रार केली नाही. फारशी.

पौर्णिमेस व्याही आले. दरवाजा चार बोटे उघडला आणि अडला तो अडलाच. सबब समस्त मंडळीस मागील अंगणातून, धुणे वाळत होते त्याखालून वाकवून, स्वयंपाकघरातून आणावे लागले. विहीणबाईंनी वाटेतच पुरणाचे पातेले पाहिले, झाकण उचलून चव घेतली, आणि साक्षगंध निम्मे तेथेच उरकले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दफ्तरी दाखल केली असे. शत्रू त्या फरशीत खरोखर होता किंवा नव्हता, हे कोणासही ठाऊक नाही. ते जाणावयाचे तर फोडून पाहावे लागेल, आणि फोडू नये हा यमुताईंचा हुकूम घरात जारी आहे.