झिलूची कुलूपबंद पिकअप

"माझी गाडी चोरणारा अजून आईच्या पोटातनं बाहेर यायचा हाय," असं झिलूनं बाजारकुणंग गावच्या देवळासमोर चार माणसांत सांगितलं, तेव्हा त्या चौघांनाही नवल वाटलं. झिलूची पिकअप कुणी चोरंल, हा विचारच त्याआधी गावात कुणाच्या डोक्यात आला नव्हता. गावची पद्धत अशी की गाडीची किल्ली गाडीलाच. आड आली तर कुणीही बाजूला घ्यावी, कुणाला ताप चढला तर ज्याला चालवता येते त्यानं जोयड्याला दवाखान्यात न्यावी. घराच्या दाराला कडी लागायची ती फक्त कुत्रं शिरू नये म्हणून. अशा गावात राहून झिलूनं चोराची धास्ती घेतली होती.

तसं त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. अर्धं आयुष्य त्यानं रामनगरच्या शेठ लोकांच्या ट्रकवर घालवलं. दुसऱ्याच्या गाड्या धुतल्या, दुसऱ्याच्या गाड्यांना लिंबू-मिरची बांधली. पन्नाशीला टेकल्यावर कुठं ही पिकअप आली. जुनीच होती, एक दिवा दुसऱ्यापेक्षा मंद जळायचा, पण तिच्या दारावर ‘झिलू’ असं नाव रंगवलेलं होतं आणि सकाळी उठून ते एकदा वाचल्याशिवाय त्याला चहा जात नसे. त्यात बसस्टँडवर कुणीतरी त्याला सांगितलं की घाटाकडं अशीच एक पिकअप गायब झाली. झालं, झिलूची झोप उडाली. "ही गेली तर परत दुसऱ्याच्या गाडीवर जायचं बळ माझ्यात न्हाई गं," असं तो बायकोला, पुतळीला म्हणाला, तेव्हा तिलाही त्याची खरोखर कीव आली.

कीव आली म्हणून तिनं त्याला रामनगरला जाऊ दिलं. तिथंच तिची चूक झाली.

रामनगरात शिवानंदचं गाड्यांच्या सामानाचं दुकान. माणूस गोड, पण गिऱ्हाईक दारात आलं की त्याला रिकाम्या हातानं परत पाठवणं त्याच्या जिवावर यायचं.

"मामा, चोर म्हणजे आळशी माणूस बघा," शिवानंद म्हणाला. "कुलूप दिसलं की तो ही गाडी सोडून पलीकडच्या गाडीकडं जातो."

"पलीकडं गाडीच नसली तर? आमच्या आळीत माझी एकटीच हाय."

शिवानंद जरा विचारात पडला. "मग तुम्हाला जास्तच लागणार की ओ."

झिलू निघाला तेव्हा स्टेअरिंगवर लोखंडी दांडा होता, गिअरला कुलूप होतं आणि चाकाला लावायचा पिवळा जबडा मागं हौद्यात पडला होता, पोलीस लावतात ना, तसला. शिवाय एक जाडजूड साखळी, त्या साखळीनं घरी आल्या आल्या त्यानं पिकअप गोठ्याच्या खांबाला बांधली. नुसता धक्का लागला तरी बोंबलणारा एक भोंगा. आणि सीटखाली एक यंत्र, गाडी जागची हलली की झिलूच्या मोबाइलवर निरोप धाडणारं.

हे यंत्र मात्र फुकट गेलं. झिलूच्या घरी रेंजच नव्हती. अख्ख्या गावात रेंज यायची ती केशरआक्काच्या शेताच्या बांधावर, रस्त्याच्या वळणाला. तेव्हा घरी उभी असलेली गाडी काय सांगणार आणि घरी पडलेला मोबाइल काय ऐकणार? झिलूनं त्या यंत्राचा नाद सोडून दिला.

भोंग्याचं तसं नव्हतं. एका तिन्हीसांजेला झिलू फोन लावायला त्या वळणावर थांबला आणि सवयीनं सगळी कुलपं लावून खाली उतरला. तेवढ्यात झाडावरून एका वानरानं बॉनेटवर उडी घेतली. भोंगा असा काही बोंबलला की झिलूच्या हातातला मोबाइल गळून पडला. केशरआक्काच्या भातात उतरलेल्या गव्यांनी तर मान वर केली ती थेट जंगलात शिरूनच खाली घातली.

केशरआक्का हे सगळं शेतातल्या माळ्यावर बसून बघत होती. नवरा गेल्यापासून भाताची राखण तिच्या एकटीवर आली होती. पीक तयार झालं की ती माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायची, आणि आता गवे त्या डब्याला सरावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती झिलूच्या अंगणात हजर झाली.

"झिलू, तुझी गाडी माझ्या बांधावर लाव की रे. भात कापीस्तोवर."

"आक्का, गाडी बेवारशी वळणावर सोडू? मग एवढी कुलपं कशाला घेतली मी?"

"मग कुलपं लावूनच सोड."

"न्हाई जमायचं."

ती रोज यायची, हा रोज नाही म्हणायचा. पुतळीनं सांगून बघितलं, "अहो, बाईचा घसा बसलाय ओरडून." झिलूचा चुलतभाऊ गणपती, जंगलात लाकडं ओढणाऱ्या माणसांचा मुकादम, त्यानंही शब्द टाकला. झिलू ऐकेना. उलट त्याच्या ध्यानात आलं की बॉनेटला अजून कुलूपच नाही. कुणी इंजिनच काढून नेलं तर नुसता सांगाडा घेऊन काय करायचं?

तो बॉनेटचं कुलूप आणायला निघाला, तेही बसनं.

"दारात गाडी असताना बसनं?" पुतळीनं विचारलं.

"रामनगरात चोर असतात," झिलू म्हणाला. पुतळीनं त्याला लवकर डबा करून दिला. बस वळणावर आली तेव्हा केशरआक्काच्या बांधावर गणपतीची माणसं पहारी, दोरखंड आणि गोल ओंडके घेऊन जमली होती. कुणाचं तरी लाकूड हलवायचं असंल असं वाटून झिलूनं खिडकीतून हात केला. त्यांनीही केला, जरा जास्तच प्रेमानं.

शिवानंद कुलूप दाखवत होता तेव्हा झिलूचा मोबाइल वाजला. त्यावर आलं होतं, ‘आपले वाहन हलत आहे.’ 

शिवानंदनं ते वाचलं आणि त्याचा चेहरा फुलला. "मामा, मशीन चालतंय! तुम्ही म्हणत होता फुकट गेलं."

झिलू टायरांच्या चळतीवर बसला. "शिवा, माझी गाडी गेली रे."

"गेली कुठं, जातीय अजून," शिवानंद मोबाइलवरच्या नकाशावर बोट ठेवून म्हणाला. "लई सावकाश जातीय. माणूस चालत गेला तरी पुढं जाईल. थांबली बघा. आता परत निघाली."

आता झिलूला भीतीपेक्षा राग आला. "कुठला भिकारडा ड्रायव्हर हाय हा? पहिल्या गिअरला पण एवढी हळू चालत न्हाई. क्लच जाळतोय माझा."

शिवानंदनं दुकानाचं शटर ओढलं, झिलूला मोटारसायकलवर मागं घेतलं आणि दोघं सुटले. वाटेत झिलूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वाऱ्यानं येतंय असं तो शिवानंदला दोनदा सांगून मोकळा झाला. गाव जवळ आलं तसा भोंगा ऐकू यायला लागला.

वळणावर निम्मं गाव होतं. पिकअप केशरआक्काच्या बांधाला, म्हणजे रेंजला, येऊन टेकली होती. चाकांखाली फळ्या होत्या आणि फळ्यांखाली गोल ओंडके. पुढं रेड्यांची जोडी घामाघूम होऊन उभी होती. जंगलातनं सागाचे बुंधे ओढण्यात ज्यांची हयात गेली, त्या माणसांनी पहारी लावून गाडी उचलली होती आणि बुंध्यासारखीच सरकवत आणली होती. पुतळी दोराचं टोक धरून उभी होती. नवऱ्याला बघून तिनं ते हळूच सोडलं.

शिवानंद आधी गाडीत शिरला आणि सगळं तपासून बाहेर आला. "दांडा जागेवर. गिअरचं कुलूप जागेवर. चाकाचा जबडा तसाच. मामा, मालात काही खोट नाही."

"आणि साखळी? साखळी तोडली का रे गणपती?"

"तोडू कशाला? नवीन हाय," गणपती म्हणाला आणि त्यानं गाडीच्या मागं बोट दाखवलं. साखळी होती, कुलूप होतं आणि त्यांच्या टोकाला गोठ्याचा खांबही होता.

"आणि गोठा?"

"वाकलाय जरा. उद्या उभा करतो."

झिलूनं गाडीला एक फेरी मारली, दारावरचं आपलं नाव वाचलं, आणि मग केशरआक्काकडं वळला. बाई भ्यालेली होती, पण बांधावरून हलली नाही.

"झिलू, शिव्या घाल पायजे तर. गेल्या साली निम्मं भात गव्यांनी खाल्लं. ह्या साली पण गेलं तर मी पोराकडं परमुलखात जाऊन राहायचं, असं त्यानं सांगितलंय. मला न्हाई जायचं रे. त्या दिवशी तुझा भोंगा ऐकला आणि लई दिवसांनी मला जरा झोप लागली."

झोप उडणं म्हणजे काय ते झिलूला माहीत होतं. त्यानं खिशातून किल्ली काढून भोंगा बंद केला, आणि जरा थांबून परत चालू केला. "भात कापीस्तोवर राहू दे," तो म्हणाला. पुतळीला त्या क्षणी नवऱ्याचा फार अभिमान वाटला.

नंतरचे दिवस गव्यांना वाईट गेले. वानरं बॉनेटवर उड्या मारायची, भोंगा बोंबलायचा, भात सुखरूप राहायचं. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनीही आपली पिकं त्या भोंग्याच्या भरवशावर टाकली. मग गाडीला काही झालं तर काय, ही काळजी गावाला लागली. कुणी ताडपत्री घातली, कुणी काच पुसली, आणि बायकांनी तर राखणीच्या पाळ्याच लावल्या.

अशात झिलूला जोयड्याचं एक चांगलं भाडं आलं. सकाळी जाऊन दुपारी गाडी परत आणून लावू, असा त्याचा हिशेब. तो वळणावर आला, कुलपं काढली, दार उघडून एक पाय आत टाकला, पण घाईत भोंगा बंद करायला विसरला. भोंगा वाजताच भातातून बायका कोयते घेऊन उठल्या. केशरआक्कानं मागून त्याची कॉलर धरली.

"आक्का, मी हाय. झिलू."

"तू व्हय," आक्का म्हणाली, पण कॉलर सोडली नाही. "कुठं चाललास गाडी घेऊन?"

"भाडं हाय. आत्ता येतो."

"कुणाला विचारलंस?"

"आक्का, माझी गाडी हाय ती."

"तुझीच हाय, न्हाई कोण म्हणतंय? पण न्यायची न्हाई."

झिलूनं मोठ्या आशेनं बायकांच्या घोळक्याकडं बघितलं. त्यात पुतळीही होती, आज राखण तिच्याकडं होती. ती कोयता कमरेला अडकवून पुढं आली आणि म्हणाली, "उतरा खाली."

झिलू उतरला. दांडा, गिअर, चाक, सगळं त्यानं मुकाट्यानं परत लावलं. पुतळीनं एकेक कुलूप ओढून बघितलं, आणि किल्ल्या त्याच्या हातातून काढून घेऊन केशरआक्काच्या ओटीत टाकल्या.