नऊ फुटी पंखांचे रामटेके काका

कापड विकत घेताना रामटेके काका ते आधी तोंडाला लावतात आणि जोरात फुंकतात.

रायपुरात पंडरीच्या ठोक कापड बाजारात मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी झालं. मी पडद्यांचं कापड घ्यायला गेले होते. शेजारच्या दुकानात आमच्याच गल्लीतले हे सत्तरीचे गृहस्थ गादीवर मांडी घालून बसलेले, समोर पाच-सहा ठाण उलगडलेले, आणि एकेका कापडाचं टोक ओठांवर ताणून, गाल फुगवून फुंकर मारणं चाललेलं. दुकानदार हैराण झाला होता.

"चाचा, ये सूट का कपड़ा है, गुब्बारा नहीं है."

"सूट ही सिलवाना है भैया," काका शांतपणे म्हणाले, "मगर हवाई जहाज का."

तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. तोवर आमची ओळख म्हणजे येता-जाता मान हलवण्यापुरती. पण काकांनी ते टोक माझ्यापुढे धरलं. "बेटा, तू जरा फुकून पाह्य. माहा दम आता पहिलेसारखा नाही. हवा पार होते काय?"

आणि मी, सरकारी शाळेतली शिक्षिका, भर बाजारात कापडात फुंकर मारली. हवा पार होत नव्हती. काकांनी सहा मीटर घेतलं, आणि मी त्यांच्या कचाट्यात सापडले ती कायमची.

काका रेल्वेत फिटर होते. गोंदियाकडून विशीत रायपुरला आले, इथेच नोकरी केली, इथेच निवृत्त झाले. त्या वयाची माणसं सकाळी बुद्धविहारात जातात, संध्याकाळी मोहल्ल्याच्या चौकात बसून सरकारला सल्ले देतात. काका विमानं बनवतात. खेळण्यातली नव्हे. जुन्या महायुद्धात उडायची तशी, पुढे एक पंखा असलेली लढाऊ विमानं, खऱ्यांच्या चौथाई आकारापर्यंतची. त्यात पेट्रोलचं इंजिन असतं, हातातल्या रिमोटवर ती आकाशात गिरक्या घेतात, आणि आवाज असा की आमच्या गल्लीतली कुत्री आता मोटारसायकलला भीतच नाहीत.

त्यांच्या बैठकीत पाहुण्यांना बसायला जागा नाही. तिथे विमान बसलेलं असतं. पूर्वी सोफा होता, तो मुलीकडे हैदराबादला रवाना झाला. शकूकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, आल्यागेल्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवतात आणि बैठकीकडे बोट दाखवून ओळख करून देतात, "हे माही सवत. पन सैपाक मागत नाही, म्हून ठेवली."

काकांना जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल पहिला प्रश्न पडतो तो वजनाचा. "पहिले वजन बोल," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. लग्नाची पत्रिका हातात दिली तरी ते ती तळहातावर तोलतात आणि मग उघडतात. काकूंचा स्वयंपाकघरातला काटा त्यांनी केव्हाच पळवला, त्यामुळे काकूंची अनारशाची साखर अंदाजावर असते. माझ्या नणंदेला मुलगी झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. कुणासारखी दिसते, नाव काय ठेवणार, काही नाही.

"वजन?"

"दोन किलो नऊशे."

काकांनी क्षणभर डोळे मिटले. "माह्या मागच्या विमानाचं इंजिन एवढंच होतं," ते खुशीत म्हणाले. "दमदार पोट्टी हाय."

वजनानंतर येतो तोल. विमान पूर्ण झालं की दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून ते उचलायचं. ते आडवं राहिलं पाहिजे. पुढे झुकलं तर नाक जड, मागे झुकलं तर शेपूट जड. माणसांचीही काकांनी हीच वाटणी केली आहे. नाक जड असलेला माणूस कुरकुर करत राहतो, पण घरी पोचतो. शेपूट जड असलेला झोकात वर जातो आणि मग त्याचं काही सांगता येत नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "आणि मी, काका?" त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुह्या पर्समधी काय काय असते ते पहिले काढून ठेव," ते म्हणाले, "मंग सांगतो."

मी एकदा त्यांना छेडलंही होतं. "काका, तुम्ही बुद्धाची शिकवण मानता आणि विमानं लढाईची कशी काय बनवता?" त्यांनी मला जवळ बोलावून पंखातून बाहेर आलेल्या बंदुका दाखवल्या. "काय हाय हे?" मी वाकून पाहिलं. बॉलपेनच्या रिफिली, काळा रंग दिलेल्या. "यानं लिहिता येईन बेटा," काका म्हणाले. "मारता नाही येत."

आमच्या घरी एक जुनी व्हॅन आहे. एवढ्या एका पापामुळे माझे रविवार गेले. पंख सुटे करून, चादरीत गुंडाळून, विमान व्हॅनमध्ये जायचं. मागे काका ते धरून बसायचे आणि मला सूचना द्यायचे. "गड्ढा हाय, हळू. बेटा, हळू. अवं, डावा पंख हाय तो!" नवा रायपुरचे ते रुंद, रिकामे रस्ते ओलांडून आम्ही पार पलीकडच्या एका गावाच्या भाठ्यावर जायचो. भाठा म्हणजे लाल मुरमाचं उघडं माळरान. शेती नाही, झाड नाही, विजेची तार नाही.

काका कायद्याचे पक्के. सगळ्या परवानग्यांची एक फाईल ते विमानाच्या आधी व्हॅनमध्ये ठेवतात आणि माळावर जो भेटेल त्याला दाखवतात. एकदा त्यांनी ती एका गुराख्याला दाखवली. त्याने काठी काखेत धरून पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलं आणि फाईल परत दिली. "एमा गाय-गरुवा बर कुछु नइ लिखाय हे," तो म्हणाला. गाईगुरांबद्दल यात काहीच लिहिलेलं नाही. काका ओशाळले. पुढच्या रविवारी फाईलमध्ये सरपंचांच्या सहीचा नवा कागद होता, गुरं पाणी पिऊन परतल्याशिवाय विमान उडणार नाही, असा.

तर, नऊ फुटी पंखांचं विमान. ते बनवायला काकांना तीन वर्षं लागली. आधीची विमानं त्याच्यापुढे चिमण्या होत्या. पंडरीचं ते फुंकलेलं कापड याच्याच पंखांवर चढलं होतं. दिवाळीनंतरच्या थंडीत ते तयार झालं, आणि पहिल्या उड्डाणाच्या रविवारी सकाळी मी व्हॅन घेऊन गेले तर शकूकाकू पातळ बदलून दारात उभ्या.

काकू कधीच यायच्या नाहीत. गुडघे दुखतात, ऊन लागतं, त्या यंत्राकडे तोंड वर करून काय पाहायचं, अशी त्यांची तीन उत्तरं ठरलेली होती. मी आश्चर्याने काकांकडे पाहिलं. ते घडीची खुर्ची व्हॅनमध्ये चढवत होते.

"काही म्हनले नाही त्याईनं," काकू मला हळूच म्हणाल्या. "सकाळी उठून खुर्ची पुसून राहिले होते. मंग काय करू?"

माळावर पोचलो तेव्हा खबर लागून गावातली पन्नासेक माणसं जमली होती. काकांनी चुन्याची रेघ आखली. "रेघ के इस पार कोई नहीं आएगा!" सगळ्यांनी "हव, हव" म्हणून मान डोलावली. काकूंची खुर्ची मी रेघेच्या आत, काकांच्या मागे मांडली.

इंजिन सुरू झालं. धूळ उडाली. विमान मुरमावरून धावलं, शेपटी उचलली, आणि मग त्याच्या चाकांखाली उजेड दिसला. मी बरीच उड्डाणं पाहिली आहेत, पण हे वेगळं होतं. एवढी मोठी वस्तू वर जाते तेव्हा आपणही टाचा उचलतो. काकूंनी तोंडावर पदर धरला होता. विमान वळलं, उन्हात पंख चमकले. काका रिमोटवर अंगठे ठेवून उभे, आणि ओठांतून काहीतरी पुटपुटत होते.

तिसऱ्या फेरीत आवाज थांबला.

एकदम. इतका वेळ कान भरून राहिलेला तो आवाज गेला आणि वाऱ्याची सळसळ ऐकू आली. "इंजिन गेलं," काका म्हणाले. आवाजात घाबरेपणा नव्हता. "तरंगत आणतो." आणि खरंच ते नऊ फुटी पंख हवेवर घसरत, वळत, मुरमाच्या धावपट्टीकडे येऊ लागले.

पण लोकांना वाटलं, विमान त्यांना भेटायलाच खाली येतंय. मोबाईल उंचावून ते रेघ ओलांडून धावले, बायका, म्हातारे, कडेवर लेकरं घेतलेल्या आया, सगळे थेट पट्टीवर.

"हटव त्याइले! माधुरी, हटव!" काकांनी मला हाक दिली.

मी ओरडत धावले. शाळेत वीस वर्षं कमावलेला आवाज लावला. कुणी ऐकेना. मागे वळून पाहिलं तर काकांचा चेहरा पांढरा पडला होता. एकच क्षण. मग त्यांचा डावा अंगठा हलला, विमानाने पंख कलवला, लोकांकडे पाठ केली आणि ते मुरमाच्या जुन्या खाणीच्या दिशेने गेलं. तिथे कोणी नव्हतं. तिथे उतरायलाही जागा नव्हती.

लाकूड मोडल्याचा आवाज आला. धूळ वर आली आणि हळूहळू बसली.

काकांनी रिमोट बंद केला. "कोनाले लागलं तर नाही?" त्यांनी विचारलं. कुणालाच लागलं नव्हतं. लोक खाली मान घालून चुन्याच्या रेघेमागे जाऊन उभे राहिले.

"काका, लोकांच्या डोक्यावरून काढता आलं नसतं का?" मी नंतर विचारलं.

"आलं असतं, कदाचित," ते म्हणाले. "कदाचितच्या भरोश्यावर लोकाइची लेकरं नाही ठेवाची."

आम्ही खाणीत उतरलो. काकूही माझा हात धरून, एकेक पाऊल टाकत आल्या. पंख एकीकडे, शेपटी दुसरीकडे, इंजिन मातीत रुतलेलं. मला वाटलं, काका आधी इंजिन पाहतील. पण ते गुडघ्यांवर बसले, वैमानिकाच्या जागेवरची फुटलेली काच बाजूला केली, आत हात घातला आणि काहीतरी काढून पटकन शर्टाच्या खिशात सारलं.

"काय लपवलं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. पायलट हाय."

"मंग लपवता काहून? दाखवा."

काकूंनी हात पुढे केला. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो वीतभर बाहुला त्यांच्या हातावर ठेवला. कागदाच्या लगद्याचा, रंगवलेला, डोक्यावर चामड्याची टोपी, डोळ्यांवर काळा गॉगल. काकूंनी नखाने गॉगल वर सरकवला.

खाली चष्मा होता. बारीक तारेचा, गोल, अगदी काकूंच्या चष्म्यासारखा. हनुवटीवर काकूंचा तीळ. टोपीखालून अंबाड्याचं टोक बाहेर आलेलं, आणि गळ्याशी त्यांच्या हिरव्या पातळाचा काठ.

काकूंचं बोट आपल्याच हनुवटीवर गेलं.

"मले न इचारता वरतं नेलं तुमी?" काकू म्हणाल्या.

"इचारलं होतं. तू नाही म्हनली होती."

"पहिल्या विमानात कोन होतं?"

"तूच."

"त्याच्या बादच्या?"

"तूच होती सगळ्याइत."

काकूंनी बाहुलीकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. "नाक केवढं केलं माहं," त्या म्हणाल्या, आणि पदराने बाहुलीवरची धूळ पुसू लागल्या.

परत येताना काकू पुढे माझ्याशेजारी बसल्या, बाहुली मांडीवर. काका मागे मोडक्या पंखांच्या ढिगात. आज त्यांनी खड्ड्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. काकूच बोलत होत्या. मुलीचं पहिलं बाळंतपण होतं, तेव्हा तिने दोघांची विमानाची तिकिटं पाठवली होती. हे दोघं रायपुरच्या विमानतळापर्यंत गेले, सामान दिलं, आणि काचेतून ते धूड समोर दिसलं. तशा काकू तिथेच बाकावर बसल्या. उठेचनात.

"काही बोलले नाही हे," काकू म्हणाल्या. "सामान वापस मागतलं. आटो केला. घरी येऊन माह्यासाठी चहा मांडला. मंग दुसऱ्या दिवशी आमी रेल्वेनं गेलो."

मी आरशातून मागे पाहिलं. "म्हणजे काका, तुम्हीसुद्धा विमानात कधीच बसला नाहीत?"

"नाही."

"तुम्हाला तर एकट्याला जाता आलं असतं. तेव्हा नाही तर नंतर."

"गेलो असतो," काका म्हणाले. "पन वरतं गेल्यावर 'शकू, खाली पाह्य' असं कोनाले म्हनलो असतो?"

काकू खिडकीबाहेर पाहू लागल्या. मी गाडी चालवत राहिले.

या गोष्टीला दोन महिने झाले. काकू अजून विमानात बसलेल्या नाहीत आणि बसतील असं मला वाटत नाही. परवा मी त्यांच्याकडे गेले, तर बैठकीत नवा सांगाडा उभा राहत होता. शिकाऊ वैमानिकांना उड्डाण शिकवायला असतं तसं, दोन जागांचं विमान. पुढची जागा कुणाची ते ठरलेलंच होतं. मागच्या जागेतल्या माणसाचं तोंड काही काकांना जमत नव्हतं. आपलं तोंड आपल्याला कसं दिसणार?

म्हणून ते काम काकूंनी घेतलं होतं. खिडकीजवळ काका स्टुलावर ताठ बसलेले, आणि समोर काकू, हातात लगद्याचा ओला गोळा घेऊन. त्या अंगठ्याने गोळा जरासा दाबत होत्या, मग मान वर करून काकांकडे पाहत होत्या, मग पुन्हा पाहत होत्या. मी आल्याचं दोघांनाही कळलं नाही.

"हालू नका," काकू म्हणाल्या. "मले नीट पाहू द्या."