वेंडेल पर्विसच्या अटकेचा दाखला

टेक्सासच्या वेंडेल पर्विसने वयाच्या शहात्तराव्या वर्षी अकरा नवीन गाणी लिहिली, हा या प्रकरणातला मूळ गुन्हा.

एरवी त्याचं वागणं निर्दोष होतं. पन्नास वर्षांपूर्वी त्याचं 'शेरीफची किल्ली माझ्या खिशात' हे गाणं गाजलं आणि रेकॉर्ड कंपनीने त्याची नोंद 'आउटलॉ', म्हणजे कायद्याला न जुमानणारा कंट्री गायक, अशी केली. आता तो रक्तदाबाची गोळी वेळेवर घेई आणि रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्याला थांबे. नवीन गाणी सगळी मेव्हिसवर होती, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोवर. तिने लावलेले टोमॅटो, तिचा चष्मा, मागच्या दाराशी अजून तसेच असलेले तिचे बूट. लोकांनी ती एकदा नीट ऐकावीत, एवढंच म्हाताऱ्याला हवं होतं.

नॅशव्हिलहून कंपनीच्या कॉर्टनी ब्रँट बाईंचा फोन आला.

"मिस्टर पर्विस, अल्बम ऐकून मी रडले हो! पण आउटलॉ विभागाला गेल्या पाच वर्षांतल्या एका अटकेचा दाखला लागतो."

"मला अटक झाली ती चौऱ्याहत्तर साली."

"मुदत संपली तिची. नूतनीकरण करून घ्या ना."

"मग दुसऱ्या कुठल्या विभागात घाला की, बाई."

"विधुरांचा कोटा यंदा भरला."

वेंडेल रीतसर शेरीफच्या कचेरीत गेला. शेरीफ गार्लंड ओक्स कॉफी बाजूला ठेवून उभाच राहिला.

"गार्लंड, मला अटक कर."

"मिस्टर वेंडेल, काहीतरीच काय! आमच्या लग्नातला पहिला नाच तुमच्या किल्लीवर झालाय."

"मग गुन्हा करतो."

"करा की! फक्त वेळ कळवा, बंदोबस्त ठेवतो."

वेंडेलने कोर्टासमोरच्या हिरवळीवर ट्रक घातला. शेरीफ दिवे लावून मागोमाग आला, तेव्हा लोकांना वाटलं, मिरवणूक आहे. दोन बायकांनी घरी भाजलेला गोड पीच कॉब्लर आणून दिला. शेवटी वेंडेलने शेरीफच्या टेबलावरची किल्ली खरोखरच खिशात घातली. काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, ठराव करून ती त्याला चौकटीत बसवून भेट दिली.

त्याने नाद सोडला. अल्बम नाही तर नाही, गावात तरी एकदा गाऊ, म्हणून शनिवारी संध्याकाळी तो नाचघरात उभा राहिला. रिवाजाप्रमाणे फर्माइशी कागदी रुमालांवर लिहून आल्या. एकोणचाळीस रुमाल, सगळ्यांवर किल्ली. त्याने ते खिशात कोंबले आणि 'मेव्हिसचा चष्मा' सुरू केलं.

पहिलं गाणं लोकांनी सोसलं. दुसऱ्याला बायका पर्स आवरू लागल्या. तिसऱ्याला स्टेजवर हॅट येऊन पडली. "फसवणूक आहे ही!" कोणीतरी ओरडलं, आणि तक्रारी पुन्हा रुमालांवरच आल्या.

शेरीफ स्टेजजवळ आला. त्याचे डोळे भरले होते.

"मिस्टर वेंडेल, पाया पडतो तुमच्या. किल्ली गाता की नाही?"

"हे संपल्यावर विचार."

"मग हात पुढे करा. शांततेचा भंग."

बेड्या पडल्या तरी वेंडेलने कडवं पुरं केलं. ते कोणी ऐकलं नाही, कारण सगळे फोटो काढत होते.

दाखला मिळाला, अल्बम निघाला, धडाक्यात खपला. मुखपृष्ठावर बेड्या आहेत. ग्राहकांच्या सोयीसाठी कंपनीने किल्लीचं गाणं पहिलं घातलंय, आणि लोक तेच पुन्हा पुन्हा लावतात. मेव्हिसची गाणी वेंडेल परसात टोमॅटोंना म्हणून दाखवतो.

त्या लोकांना हसू नका. इथवर वाचताना तुम्हालाही वाटलंच ना, की त्या किल्लीच्या गाण्याचे शब्द काय असतील? मेव्हिसच्या चष्म्याचं तुम्ही तरी कुठे विचारलंत?